जुन्या ट्रॅक्टरचा घसारा कोण खातो?

महाराष्ट्रातील दूधधंद्याविषयी गेल्या काही वर्षांत पुष्कळ लिहिले आणि बोलले गेले. पशुखाद्याचे भाव, फॅट आणि एसएनएफच्या नावाखाली होणारी कपात, भुकटीचे साठे, दूध संघांतील घराणेशाही, अनुदानाच्या घोषणा आणि त्यांची अडलेली बिले हे सारे विषय चघळून झाले. परंतु या चर्चेत गोठ्याशेजारी पत्र्याखाली उभ्या असलेल्या एका साक्षीदाराची जबानी कोणी घेतलेली नाही. तो साक्षीदार म्हणजे उत्पादकाचा वीस-पंचवीस वर्षांचा जुना ट्रॅक्टर. त्याला रोज राबविले जाते, तो रोज झिजतो आणि त्याच्या झिजेची किंमत दुधाच्या भावात कोठेही धरली जात नाही. ही न धरलेली किंमत जाते कोठे, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटेल. वास्तविक दूध उत्पादकाच्या शोषणाची एक महत्त्वाची किल्ली त्यात आहे.

ऊस किंवा कापूस पिकविणाऱ्याचा ट्रॅक्टर आणि दूध उत्पादकाचा ट्रॅक्टर यांत एक मूलभूत फरक आहे. पहिल्याला हंगाम असतो. नांगरट, पेरणी, वाहतूक झाली की तो विसावतो आणि मालकाला दुरुस्तीला उसंत मिळते. दुसऱ्याला हंगाम नाही. गाय रविवार पाळत नाही आणि दिवाळीही पाळत नाही. दहा-बारा लिटर दूध देणाऱ्या संकरित गाईला दिवसाला वीस-पंचवीस किलो ओला चारा आणि त्याखेरीज पाच-सहा किलो वाळली वैरण लागते. दहा दुभत्या गाई आणि त्यांच्यामागची वासरे-कालवडी धरली, तर रोज तीनशे किलोच्या आसपास चारा कापून, वाहून आणि कुट्टी करून गव्हाणीत पडावा लागतो. मका, हत्तीगवत, उसाचे वाढे, मिळेल ते ट्रॉलीत भरून आणावयाचे. वीज असली तर कडबाकुट्टी मोटारीवर चालते, नसली तर ट्रॅक्टरच्या पीटीओवर. शेणखताची वाहतूक, टंचाईत पाण्याचा टँकर, चाऱ्याच्या प्लॉटची रोटाव्हेटरने मशागत हीही कामे त्याचीच. मुरघासाच्या दिवसांत तर कुट्टी यंत्र 540 फेऱ्यांवर आठ-आठ, दहा-दहा तास सलग चालते. मका चिकात आल्यावर तो ठरावीक दिवसांतच कापावा लागतो आणि खड्ड्यात दाबून हवाबंद करावा लागतो. त्या दिवसांत ट्रॅक्टर बंद पडला तर वर्षाच्या चाऱ्याचे गणित कोसळते.

हे काम करणारे यंत्र कोणत्या अवस्थेत असते? लायनर-पिस्टन दोनदा बदललेले, नोझल पुन्हा पुन्हा तपासलेले, डिझेल पंपाची दुरुस्ती झालेली, क्लचप्लेट झिजत आलेली, हायड्रॉलिकची उचल मंदावलेली. सेल्फ घेत नाही म्हणून रात्री तो मुद्दाम उतारावर लावला जातो आणि पहाटे गिअरमध्ये टाकून सुरू केला जातो. धूर निळसर येऊ लागला, म्हणजे इंजिन ऑइल पीत आहे हे घरातील पोरालाही कळते. तरी पुढच्या दूधबिलापर्यंत ते तसेच चालते, कारण या बिलातून आधी पेंडीची उधारी फेडावयाची असते.

तीन सोयीस्कर मते

या जुन्या ट्रॅक्टरविषयी तीन मते प्रचलित आहेत. तिन्ही सोयीस्कर आहेत आणि तिन्ही चुकीची आहेत.

पहिले मत कौतुकाचे. शेतकरी किती काटकसरी, किती कल्पक. पंचवीस वर्षांचे यंत्र तारेने बांधून चालवितो! कृषिविषयक पुरवण्यांतून आणि मेळाव्यांतून हे कौतुक ऐकू येते. कौतुक करणाऱ्यांना एवढेच विचारावयाचे की, ही काटकसर स्वेच्छेची आहे काय? ज्याला पर्याय आहे त्याची ती काटकसर. ज्याला पर्याय नाही त्याची ती अगतिकता. अगतिकतेला सद्गुण ठरविले की ती निर्माण करणाऱ्यांना जाब विचारण्याची गरज उरत नाही.

दुसरे मत आधुनिकीकरणवाद्यांचे. जुना ट्रॅक्टर डिझेल खातो, धूर ओकतो, वेळ दवडतो. तेव्हा तो मोडीत काढा, कर्ज घ्या, नवा आणा. बँक दारात उभी आहे आणि विक्रेता तर बांधावर येतो. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला, त्याच्या सुट्या भागांवरील आणि टायरांवरील करही 18 वरून 5 टक्क्यांवर उतरला. ही कपात स्वागतार्हच आहे. परंतु नव्या यंत्राचा हप्ता दुधाच्या भावातून भागतो काय, या प्रश्नाला तिच्यात उत्तर नाही.

तिसरे मत दुर्दैवाने डाव्या चळवळीतच अधूनमधून ऐकू येते. ज्याच्या दारात ट्रॅक्टर तो धनिक शेतकरी. त्याच्या मागण्यांशी श्रमिकांच्या पक्षाला काय कर्तव्य? वर्गविश्लेषण म्हणजे दारातील वस्तूंची मोजदाद, असा ज्यांचा समज आहे त्यांनाच हे सुचू शकते. त्याकडे पुढे यावयाचेच आहे. त्याआधी हिशेब पाहू.

घसाऱ्याचा हिशेब

कृषी अभियांत्रिकीची पाठ्यपुस्तके ट्रॅक्टरचे आयुष्य 10 वर्षे किंवा 10,000 तास धरतात. समजा, 35 अश्वशक्तीच्या आसपासच्या नव्या ट्रॅक्टरची किंमत 7 लाख रुपये आहे आणि अखेरीस तो 70 हजारांना मोडीत जाईल. उरलेले 6 लाख 30 हजार रुपये 10,000 तासांवर वाटले, तर तासाला 63 रुपये घसारा होतो. दहा गाईंच्या गोठ्याला सरासरीने दिवसाला दोन तास काम धरले आणि दिवसाचे दूध 100 लिटर धरले, तर घसारा दिवसाला 126 रुपये, म्हणजे लिटरमागे 1 रुपया 26 पैसे. गुंतलेल्या सरासरी 3 लाख 85 हजारांच्या भांडवलावर 10 टक्क्यांनी व्याज वर्षाला 38,500 रुपये, म्हणजे लिटरमागे आणखी 1 रुपया 5 पैसे. एकूण 2 रुपये 31 पैसे. हे आकडे कोणत्याही सर्वेक्षणाचे नव्हेत. हिशेबाची रीत दाखविण्यासाठी घेतलेले ते उदाहरण आहे. प्रत्येक गावात प्रत्येकाने आपले आकडे घालून ते पडताळून पाहावे.

आता जुना ट्रॅक्टर घ्या. त्याचे कर्ज केव्हाच फिटले. कागदोपत्री त्याची किंमत भंगाराएवढी. म्हणून घसारा शून्य आणि व्याजही शून्य. वर्षाला सुमारे 84,500 रुपयांचा हा भार उतरला. उलट बाजूस दुरुस्ती आणि जादा डिझेल यांचा खर्च वाढला. तो वर्षाला 30 हजार धरू. तरी 54,500 रुपये वाचले. वर्षाच्या 36,500 लिटर दुधावर ते वाटले, तर लिटरमागे दीड रुपया होतो.

जुन्या यंत्राला जिवापाड राबवून उत्पादकाने दर लिटरमागे दीड रुपया वाचविला. तो त्याच्या गाठीला राहतो काय? जेथे विकणारे लाखो आणि विकत घेणारे मोजके, जेथे माल चार तासांत नासणारा आणि दिवसातून दोनदा विकावाच लागणारा, तेथे भाव पूर्ण उत्पादनखर्चाशी जुळत नाही. विकणारा धंदा बंद करणार नाही एवढ्या पातळीपर्यंत तो खाली ढकलला जातो. पेंड, डिझेल, औषधपाणी यांचा रोखीचा खर्च निघाला आणि घर कसेबसे चालले, की उत्पादक दूध घालत राहतो, हे खरेदीदाराला पक्के ठाऊक असते. उत्पादकाने घसारा भरावयाचे थांबविले की त्याची सहनशक्ती दीड रुपयाने वाढते, आणि भाव तेवढा खाली येऊ शकतो. वाचविणारा एक आणि खाणारा दुसराच, असा हा व्यवहार आहे.

अमेरिकन कृषी-अर्थशास्त्रज्ञ विलर्ड कॉक्रेन यांनी 1958 साली शेतीच्या अर्थकारणाला पायचक्कीची उपमा दिली होती. नवे तंत्र पहिल्याने स्वीकारणाऱ्याला चार दिवस नफा होतो. सर्वांनी स्वीकारले की भाव उतरतो आणि प्रत्येकाला जागच्या जागी राहण्यासाठी धावावे लागते. महाराष्ट्राच्या गोठ्यात या पायचक्कीचे उलटे रूप दिसते. येथे नवे तंत्र घेऊन नव्हे, तर जुने यंत्र मरेपर्यंत ताणून उत्पादक तग धरतो. आणि सर्वांनीच ताणले की ताणून मिळालेली सवलतही भावातून हिरावून घेतली जाते.

स्वशोषणाचे दुसरे अंग

कार्ल काउत्स्की यांनी 1899 च्या आपल्या शेतीप्रश्नावरील ग्रंथात दाखवून दिले होते की, लहान शेतकरी मोठ्या शेतीपुढे टिकतो तो कार्यक्षमतेने नव्हे, तर अतिश्रम आणि अपुरे खाणे यांच्या बळावर. रशियन अर्थशास्त्रज्ञ अलेक्सांद्र चायानोव्ह यांनी 1925 च्या सुमारास याच वास्तवाकडे दुसऱ्या दिशेने पाहिले. कुटुंबाच्या शेतीत मजुरीचा हिशेब नसतो. घराची गरज भागेपर्यंत माणसे स्वतःला राबवीत राहतात. याला त्यांनी स्वशोषण म्हटले. दोघांची राजकीय मते भिन्न होती. पण लहान उत्पादकाचे टिकणे हे त्याच्या सुखाचे लक्षण नव्हे, या मुद्द्यावर दोघांचे निरीक्षण एकाच जागी येते.

दूध उत्पादकाच्या घरात या स्वशोषणाचे पहिले अंग उघड दिसते. पहाटे चारला उठून शेण काढणाऱ्या, धारा काढणाऱ्या आणि गव्हाणी भरणाऱ्या बाईची मजुरी दुधाच्या भावात नसते. दुसरे अंग डोळ्यांआड राहते. श्रमाप्रमाणे यंत्राचेही पुनरुत्पादन व्हावे लागते. जे झिजले ते भरून निघावे लागते. ते भरून न काढता उत्पादन चालू ठेवणे म्हणजे भांडवल खाऊन जगणे. शेठजीने आपल्या गिरणीत असे केले तर अर्थशास्त्राचे पंडित त्याला मूर्ख म्हणतील, आणि त्याचा हिशेबनीस तर ते करूच देणार नाही. कंपनीला घसारा ताळेबंदात दाखविता येतो, त्यावर प्राप्तिकरात वजावट मिळते. शेतकऱ्याचा घसारा कोणत्याही वहीत नाही. तो इंजिनाच्या आवाजात आहे.

सरकारी हिशेबाची रीत या अदृश्यतेला हातभार लावते. केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोग ज्या पद्धतीने पिकांचा खर्च मोजतो, तीत अवजारांचा घसारा प्रत्यक्ष खर्चातच धरला जातो, तर स्वतःच्या भांडवलावरील व्याज आणि स्वतःच्या जमिनीचा खंड ‘सी-2’ या सर्वंकष खर्चात येतो. या रीतीबद्दलचे वाद जुने आहेत. पण दूध त्या हमीभावाच्या यादीतच नाही. ज्या मालाला हमीभाव नाही, त्याच्या घसाऱ्याची चौकशी कोण करणार? आणि उद्या चौकशी झालीच, तरी एक धोका आहे. घसारा यंत्राच्या आजच्या पडक्या किमतीवर मोजला, तर पंचवीस वर्षांच्या ट्रॅक्टरचा घसारा नगण्यच निघेल आणि दुबळा उत्पादक स्वस्तात दूध काढतो असा निष्कर्ष शास्त्राच्या नावाने मांडला जाईल. म्हणून घसारा मोजावयाचा तो नवे यंत्र घ्यावयास आज किती पैसे लागतील त्या पुनर्स्थापना मूल्यावर.

भाव ठरतो कसा

गेल्या काही वर्षांचा इतिहास पाहिला म्हणजे हे विवेचन हवेत नाही हे पटेल. 2018 च्या जुलैत राज्यात दूधबंद आंदोलन झाले, तेव्हा भुकटीचे कारण सांगून भाव पाडलेले होते. 2023 च्या जुलैत राज्य सरकारने 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफच्या गाईच्या दुधाला किमान 34 रुपये भाव जाहीर केला. काही महिन्यांतच खरेदीदारांनी तो 27 रुपयांच्या घरात आणून ठेवला. सरकारने आपल्याच आदेशाचे पालन करून घेतले नाही. उलट 2024 च्या आरंभी सरकारी तिजोरीतून लिटरमागे 5 रुपये अनुदान देऊ केले. त्याच वर्षी जुलैत 30 रुपये भाव आणि 5 रुपये अनुदान असे ठरले, ऑक्टोबरात 28 आणि 7. एकूण बेरीज 35 च राहिली. सरकार आपला वाटा वाढवीत गेले आणि खरेदीदाराचा वाटा कमी होत गेला. अनुदान उत्पादकाच्या नावाने निघाले, पण ज्या अर्थी त्यामुळे खरेदीदाराची जबाबदारी 2 रुपयांनी घटली, त्या अर्थी त्याचा लाभ कोणाला झाला हे सांगावयास नको. 2024 च्या जुलैत अकोले तालुक्यातील कोतूळ येथे उत्पादक धरणे धरून बसले ते याच कारणाने.

यावर सांगण्यात येते की भाव जागतिक बाजार ठरवितो, भुकटी उतरली की दूध उतरणारच. मग भुकटी चढली की दूध त्याच वेगाने का चढत नाही? शहरातील गिऱ्हाइकाच्या पिशवीचा भाव खरेदीभावाबरोबर का उतरत नाही? मधली साखळी दोन्ही टोकांना वेगवेगळा नियम लावते, याचा अर्थ नियम बाजाराचा नसून बळाचा आहे.

जीएसटीच्या कपातीचे मोल याच पार्श्वभूमीवर पाहावे. 7 लाखांच्या ट्रॅक्टरवर ही कपात सुमारे 44 हजार रुपयांची. ती आयुष्यात एकदाच मिळणार, तीही नवा ट्रॅक्टर घेणाऱ्याला. वरच्या उदाहरणात जुन्या ट्रॅक्टरवाल्याच्या हातून दुधाच्या भावातून निसटणारी रक्कम 54,500 रुपयांची, आणि ती दर वर्षी. शिवाय ज्या डिझेलवर यंत्र चालते ते जीएसटीच्या बाहेरच ठेवलेले आहे. त्यावर केंद्र आणि राज्य दोघेही आपापला कर घेतच आहेत.

यंत्र कोणाचे, दुरुस्ती कोणाची

जुना ट्रॅक्टर टिकतो याचे श्रेय ज्या व्यवस्थेला आहे तिचाही इतिहास विसरता कामा नये. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, म्हणजे सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या प्रयोगशाळेत, पूर्णतः भारतीय आराखड्याचा ट्रॅक्टर सिद्ध झाला. 1974 साली पंजाब सरकारच्या पुढाकाराने निघालेल्या ‘पंजाब ट्रॅक्टर्स’ने तो ‘स्वराज’ या नावाने बाजारात आणला. परदेशी परवाना न घेता हे घडले. पिंजोरला एचएमटी या सरकारी कारखान्याने 1971 पासून चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या सहकार्याने ट्रॅक्टर काढले. साधी रचना, जाड लोखंड आणि गावच्या फिटरला पाना घेऊन उघडता येईल असे इंजिन ही त्या पिढीची वैशिष्ट्ये होती. त्यांतील कितीतरी यंत्रे आजही गोठ्यांवर राबत आहेत.

आणि त्या कारखान्यांचे काय झाले? पंजाब सरकारने 2003 साली ‘पंजाब ट्रॅक्टर्स’मधील आपला हिस्सा परदेशी गुंतवणूकदाराला विकला, आणि 2007 साली ती कंपनी महिंद्र समूहाकडे गेली. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग केंद्रीय मंत्रिमंडळाने 2016 साली बंद केला. 2024-25 साली देशात विकल्या गेलेल्या ट्रॅक्टरांपैकी 40 टक्क्यांहून अधिक एकाच समूहाचे होते. सार्वजनिक संशोधनाचे फळ खासगी झाडाला लागलेले दिसते ते असे. कारखाना बंद झाला की त्याच्या यंत्रांच्या अस्सल सुट्या भागांचा झराही आटतो, आणि उत्पादकाला नकली भाग किंवा भंगारातले भाग यांतून निवड करावी लागते.

पुढचे संकट वेगळ्या स्वरूपाचे आहे. 1 जानेवारी 2023 पासून 50 अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना प्रदूषणाचे कडक निकष लागू झाले आणि त्यांच्या इंधनव्यवस्थेत इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले. हवा स्वच्छ राहावी याबद्दल कोणाचे दुमत असण्याचे कारण नाही. परंतु नियंत्रणाची सांकेतिक किल्ली कंपनीच्या हातात राहिली, तर बिघाड शोधण्यासाठीही कंपनीचाच माणूस लागेल. अमेरिकेत हे घडून गेले आहे. तेथील शेतकऱ्यांना स्वतःच्या ट्रॅक्टरची दुरुस्ती स्वतः करता यावी म्हणून लढावे लागले. कोलोरॅडो राज्याने 2023 साली शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, आणि 2025 च्या जानेवारीत तेथील संघीय व्यापार आयोगाने जॉन डीअर कंपनीविरुद्ध दुरुस्तीवरील मक्तेदारीबद्दल दावा दाखल केला. भांडवलशाहीच्या बालेकिल्ल्यात जे मान्य होऊ लागले आहे, ते येथे मागण्यात संकोच कसला? भारतातही ग्राहक व्यवहार विभागाने 2022 च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि पहिल्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारे घातली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात संकेतस्थळही निघाले. संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. कंपनीवर बंधन घालणारा कायदाच हवा.

जुने ते सोने नव्हे

येथे एक गैरसमज टाळावयास हवा. जुन्या ट्रॅक्टरच्या बाजूने बोलणे म्हणजे जुनाटपणाची आरती ओवाळणे नव्हे. दमलेले यंत्र धोकादायक असते. पीटीओच्या फिरत्या दांड्यावरचे संरक्षक आवरण कधीच गळून पडलेले असते. त्यात साडीचा पदर किंवा सदऱ्याची बाही सापडली तर सावरायला क्षण मिळत नाही. कुट्टी यंत्राच्या तोंडात वैरण सारणारे हात बहुधा बायकांचे आणि पोरांचे असतात. मळणीयंत्रांनी शेकडो मजुरांचे हात तोडल्यानंतर संसदेला 1983 साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला.  स्वीडनने 1959 सालीच नव्या ट्रॅक्टरांवर उलटण्यापासून वाचविणारी चौकट सक्तीची केली आणि तेथील चालकांचे प्राण वाचले. येथील जुन्या यंत्रांवर अशी चौकट नाही आणि ब्रेकची अवस्था सर्वांना ठाऊक आहे.

अर्थ असा की, न भरलेल्या घसाऱ्याची किंमत कधी पैशांत, तर कधी बोटांत मोजली जाते. जो भाव ब्रेकच्या दुरुस्तीला पैसा उरू देत नाही, तो भाव अपघाताला अंशतः जबाबदार आहे.

दारातला ट्रॅक्टर आणि वर्ग

आता तिसऱ्या मताकडे. ट्रॅक्टर असणे हे धनिकपणाचे लक्षण मानणाऱ्या कार्यकर्त्यांनी उत्पादनाच्या साधनाची मालकी आणि त्या साधनातून मिळणाऱ्या वाढाव्यावरील ताबा यांत भेद करावा. यंत्रमागाचा मालक असलेला मालेगावचा विणकर सूत-व्यापाऱ्याच्या हिशेबाने चालतो, हे चळवळीला फार पूर्वीच उमगले होते. दहा गाईंचा आणि जुन्या ट्रॅक्टरचा मालक त्याच जातीचा. साधन त्याच्या नावावर, पण मालाचा भाव, खाद्याचा भाव, फॅटचे माप आणि पैसे मिळण्याची तारीख ही चारही दुसऱ्याच्या हातात. तो कामगार नव्हे हे खरे; त्याच्या शेतावर मजूरही असतो आणि त्याच्या मजुरीबद्दल तो नेहमी न्यायाने वागतो असे नाही. हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. पण दर लिटर दुधातून दीड रुपया ओढून घेणारी शक्ती मजुराच्या पोटावरही तोच पाय देते, कारण मालक जेव्हा घसारा भरू शकत नाही तेव्हा तो मजुरीही वाढवू शकत नाही. या दोघांना एकमेकांविरुद्ध उभे करण्यात कोणाचे हित आहे, ते ओळखणे कठीण नाही.

मोठ्या भांडवलाच्या दुग्धव्यवसायाची गोष्ट निराळी. शेकडो गाईंचा गोठा, मुरघासाची स्वतःची यंत्रे आणि थेट शहरी गिऱ्हाईक असलेल्याला घसारा भरता येतो आणि करातही दाखविता येतो. चळवळीने सरसकट ‘शेतकरी’ असा शब्द वापरला की हाच सर्वांत पुढे येऊन बसतो. म्हणून मागण्या अशा असाव्यात की त्यांचा पहिला लाभ लहान गोठ्याला मिळेल.

मागण्या कोणत्या

पहिली मागणी: ऊसदराप्रमाणे दुधालाही कायद्याचे संरक्षण मिळाले पाहिजे. भाव ठरविताना घरच्या माणसांची मजुरी आणि यंत्राचा पुनर्स्थापना मूल्यावरील घसारा दोन्ही धरले पाहिजेत, आणि न देणाऱ्या खरेदीदाराकडून महसुली थकबाकीप्रमाणे वसुली झाली पाहिजे. दुसरी: बंद झालेल्या कारखान्यांच्या ट्रॅक्टरांसह सर्व जुन्या यंत्रांचे प्रमाणित सुटे भाग उपलब्ध करून देण्याची जबाबदारी शासनाने घ्यावी, आणि दुरुस्तीच्या हक्काचा कायदा करताना शेतीयंत्रांना अग्रक्रम द्यावा. तिसरी: तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत ट्रॅक्टर दुरुस्तीचे वर्ग नुसते कागदावर न राहता चालावेत, गावचा मिस्त्री म्हातारा होत आहे आणि त्याची विद्या घेणारे कोणी नाही. चौथी: पीटीओचे आवरण, कुट्टी यंत्राचे संरक्षक तोंड आणि ब्रेकची दुरुस्ती यांसाठी लहान उत्पादकांना पूर्ण अनुदान मिळावे.

यांत सहकाराचाही वाटा आहे. रोज पहाटे लागणारा ट्रॅक्टर भाड्याने आणणे शक्य नाही, कारण सर्वांना तो एकाच वेळी लागतो. भाडेतत्त्वाच्या केंद्रांची भलावण करणारे हे विसरतात. पण मुरघासाचे कुट्टी यंत्र, कापणी यंत्र, शेणखत पसरण्याचे यंत्र अशी वर्षातून थोडेच दिवस लागणारी जड अवजारे दूध सोसायटीने सामायिक ठेवली, तर जुन्या ट्रॅक्टरवरचा ताण कितीतरी कमी होईल. ज्या संघांकडे निवडणुकीच्या जेवणावळींना पैसा असतो, त्यांच्याकडे याला नाही असे म्हणता येणार नाही.

कार्यकर्त्यांपुढचे पहिले काम साधे आहे. दूधदराच्या सभा घेताना फॅट आणि पेंडीपाशी न थांबता, प्रत्येक घरी यंत्राची वही सुरू करावयास लावावी: किती तास चालले, किती डिझेल गेले, कोणता भाग बदलला, कितीला. एका तालुक्यातील शंभर घरांच्या अशा वह्या वर्षभर भरल्या, तर दुधाच्या उत्पादनखर्चाचा जो पुरावा सरकारी समित्यांना आजवर सापडला नाही तो मोर्चाच्या हातात असेल. मग जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर निवेदनाबरोबर त्या वह्याही ठेवता येतील, आणि खरेदीदाराला विचारता येईल की या घसाऱ्याचे पैसे कोणी नेले.